इटालियन क्रियापद: तोडायचं कुठे, जोर कुठे द्यायचा आणि ते घडलं कशातून

इटलीतल्या रेल्वे फलाटावर एक सूचना सतत कानावर पडते: ‘आल्लोन्तानार्सी दाल्ला लीनेआ जाल्ला’, म्हणजे पिवळ्या रेषेपासून दूर राहा. यातलं पहिलं क्रियापद नवशिक्याला लांबलचक आणि भीतीदायक वाटतं. आत बघितलं तर ‘लोन्तानो’ म्हणजे लांब. त्याला पुढून ‘आ’ लागला आणि त्या ‘आ’मुळे ल दुप्पट झाला. मागून ‘आरे’ हा क्रियापदाचा प्रत्यय आला आणि शेवटी ‘स्वतःला’ या अर्थाचा ‘सी’ चिकटला. मराठीत ‘लांब’वरून ‘लांबवणं’ होतं, तसंच हे. तोडलं की आल्-लोन्-ता-नार्-सी असे पाच तुकडे पडतात आणि जोर ‘नार्’वर येतो.

पुस्तकांत शब्दाचे अवयव (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे), आघात (जोर) आणि शब्दसिद्धी (शब्दाची घडण) ही तीन वेगळी प्रकरणं असतात आणि बहुतेक जण ती वेगवेगळी पाठ करतात. क्रियापदांपुरतं तरी हे एकच काम आहे. घडण कळली की धातू सापडतो आणि धातू सापडला की जोर कुठे ते बहुतेक वेळा कळतं. तो जोर मोजायला मात्र अवयव पाडता यायला हवेत. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. घाई असेल तर पायरी ४ तेवढी चुकवू नका, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

काय काय लागेल

- असा शब्दकोश, ज्यात क्रियापदापुढे कंसात ‘मी’चं रूप आघातचिन्हासह दिलेलं असतं. पारखायचा सोपा मार्ग: ‘आबितारे’ (राहणे) काढा. तिथे ‘इओ आबितो’ असं लिहून पहिल्या आ-वर चिन्ह दिसलं, तर कोश कामाचा. त्रेक्कानीचा ऑनलाइन कोश हे देतो आणि फुकट आहे. इंग्रजी अर्थ देणाऱ्या खिशातल्या कोशांत बहुधा हे नसतं. राई या सरकारी प्रसारण संस्थेचा उच्चारकोशही ऑनलाइन मिळतो.
- क्रियापद चालवून दाखवणारा तक्ता. कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असतो तो चालेल.
- तीन रकान्यांची वही. पहिल्यात मूळ रूप, दुसऱ्यात ‘मी’चं वर्तमानकाळी रूप आघातासह, तिसऱ्यात भूतकालवाचक धातुसाधित (‘केलेलं’, ‘लिहिलेलं’ असं रूप). नुसतं मूळ रूप पाठ करून ठेवलंत तर पुढे तेच क्रियापद दुसऱ्यांदा शिकावं लागतं.
- फोनवरचा रेकॉर्डर.

या लेखात अवयव आडव्या रेघेने तोडले आहेत. ज्या अवयवावर जोर, त्याच्या आधी ' अशी खूण आहे. पार्-'ला-रे (बोलणे) म्हणजे जोर ‘ला’वर.

पायरी १. देवनागरीत टिपताना फसू नका

मराठी माणूस इटालियन शब्द देवनागरीत टिपून घेतो आणि त्यात चूक काही नाही. उलट फायदाच आहे. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, ट-ड नाहीत. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च असे दोन्ही आवाज इटालियनमध्ये आहेत आणि ते आपल्याला मुद्दाम शिकावे लागत नाहीत. ‘सोञारे’ (स्वप्न पाहणे) मधल्या ञ-साठीही आपल्याकडे अक्षर तयार आहे.

अडचण स्वरांच्या लांबीची. देवनागरीत आ, ए, ओ हे दीर्घच दिसतात. त्यात आपल्या शुद्धलेखनाची सवय अशी की शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ काढायचा. त्यामुळे ‘पार्लारे’ वाचताना तीनही स्वर सारखे ताणले जातात आणि ऐकणाऱ्या इटालियनाला जोर नक्की कुठे दिला तेच कळत नाही. इटालियनमध्ये स्वर लांबतो तो बहुतेक एकाच जागी:

- अवयवावर जोर असेल, तो स्वरावर संपत असेल आणि शब्दातला शेवटचा नसेल, तर स्वर लांब. 'फा-तो (नशीब) मधला ‘फा’ लांब.
- जोराचा अवयव व्यंजनाने बंद होत असेल, तर स्वर आखूड आणि व्यंजनावर क्षणभर थांबणं. 'फात्-तो (केलेलं) मधला ‘फा’ आखूड. हे ‘फारे’ (करणे) चं धातुसाधित आहे, दिवसातून शंभरदा लागतं.
- जोर अगदी शेवटच्या अवयवावर असेल, तर स्वर आखूड आणि ठसठशीत. पार्-'लो (तो बोलला) म्हणताना ‘लो’ ओढू नका.

मराठीत आघात हलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. इटालियनमध्ये 'का-पि-तो म्हणजे ‘मी (अचानक कुठेतरी) येऊन पोचतो’, का-'पी-तो म्हणजे ‘समजलं’ आणि का-पि-'तो म्हणजे ‘घडलं’. अक्षरं तीच. शेवटच्या रूपात तेवढं ओ-वर चिन्ह लिहितात, पहिल्या दोन रूपांत छपाईत काहीच फरक नसतो.

जोडव्यंजनांच्या बाबतीत आपण पुढे आहोत. गप्पा, सत्ता, अण्णा म्हणणाऱ्या जिभेला दुप्पट व्यंजन जड नाही. चूक होते ती इंग्रजीच्या सवयीने वाचताना. 'का-दे म्हणजे ‘पडतो’, 'काद्-दे म्हणजे ‘पडला’. 'बे-वे ‘पितो’, 'बेव्-वे ‘प्यायला’. आणि सगळ्यात महाग पडणारी जोडी: पार्-ले-'रे-मो ‘आम्ही बोलू’, पार्-ले-'रेम्-मो ‘आम्ही बोललो असतो/बोलू शकू’. एका म-ने वचन दिलं जातं किंवा नुसती इच्छा राहते.

पायरी २. अवयव पाडा

देवनागरीची इथे आणखी एक खोड आहे. ‘पार्लारे’त रफार ‘ला’च्या डोक्यावर बसतो, म्हणून डोळा पा-र्ला-रे असं तोडतो. त्यापेक्षा वृत्तातले लघु-गुरू आठवा: जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला जाऊन चिकटतं. इटालियनमध्ये बहुतेक ठिकाणी हेच चालतं. अपवाद दोन, तेही खाली आहेत.

१. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर: वे-'दे-रे (पाहणे), का-'दे-रे (पडणे).

२. दुप्पट व्यंजन मधोमध तुटतं: 'लेज्-जे-रे (वाचणे), 'मेत्-ते-रे (ठेवणे). ‘सी’ आणि ‘क्यू’ शेजारी आले तरी तसंच: आक्-क्वि-'स्ता-रे (विकत घेणे).

३. ल, म, न, र यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तर ल-म-न-र मागे राहतात: कान्-'ता-रे (गाणे), कोम्-'प्रा-रे (खरेदी करणे), 'वेन्-दे-रे (विकणे).

४. पहिला अपवाद: स आणि पुढे व्यंजन असेल तर दोन्ही पुढे जातात. आ-स्कोल्-'ता-रे (ऐकणे), आ-स्पेत्-'ता-रे (वाट पाहणे), मो-'स्त्रा-रे (दाखवणे). नवशिक्या ‘आस्-पेत्’ असं तोडतो. लिहिताना ओळ संपली म्हणून असं तोडलंत तर इटालियन शिक्षक लाल शाई काढणार.

५. दुसरा अपवाद: प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्यापुढे र किंवा ल आला तर जोडी अखंड पुढे जाते. आ-'प्री-रे (उघडणे), को-'प्री-रे (झाकणे).

६. ज्या अक्षरजोड्या मिळून एकच आवाज देतात त्या कधीच तुटत नाहीत: सो-'ञा-रे, स्बा-'ल्या-रे (चुकणे), ला-'शा-रे (सोडणे).

७. दोन स्वर शेजारी आले तर बघा, इ किंवा उ बिनजोराचा आहे का. असेल तर तो शेजाऱ्यात मिसळतो आणि अवयव एकच: प्ये-'गा-रे (दुमडणे). ए, आ, ओ यांपैकी दोन शेजारी असतील तर ते वेगळेच राहतात: क्रे-'आ-रे (निर्माण करणे). इ-उ वर जोर आला तरही वेगळे. याचा हिसका पायरी ४ मध्ये बसेल.

लिहिण्याचा नियम आणि उच्चार इथे थोडे फारकत घेतात. कागदावर का-पि-स्को (मला समजतं) असं तुटतं, म्हणजे जोराचा ‘पि’ स्वरावर संपतो आणि पायरी १ प्रमाणे तो लांबायला हवा. पण स + व्यंजनाच्या आधीचा स्वर इटालियन लांबवत नाहीत. ‘पिस्’ असल्यासारखा आखूडच म्हणतात. ञ, ल्य आणि श यांचंही तसंच: दोन स्वरांमध्ये ते आवाज प्रमाण उच्चारात दुप्पटच असतात. म्हणजे लिहिताना सो-ञा-रे, तोंडात सोञ्-ञा-रे.

पायरी ३. मूळ रूपाचा जोर

इटालियन व्याकरणात आघात शेवटून मोजतात. शेवटच्या अवयवावर असेल तर शब्द ‘त्रोंका’, शेवटून दुसऱ्यावर ‘प्याना’, तिसऱ्यावर ‘स्द्रुच्चोला’, चौथ्यावर ‘बिस्द्रुच्चोला’. भाषेतले बहुसंख्य शब्द प्याना आहेत, म्हणून माहीत नसेल तिथे सगळे शेवटून दुसऱ्यावर जोर देऊन मोकळे होतात. नामांत हे खपून जातं, क्रियापदांत खपत नाही.

मूळ रूपं तीन गटांची. ‘आरे’ आणि ‘इरे’ गटांत जोर नेहमी प्रत्ययावर: पार्-'ला-रे, दोर्-'मी-रे (झोपणे). काही विचार करायचा नाही.

‘एरे’ गटात दोन जाती आहेत आणि छपाईत त्या सारख्याच दिसतात. एका जातीत जोर प्रत्ययावर, दुसरीत धातूवर. प्रत्ययावर जोर असलेली रोजच्या वापरातली मुख्य क्रियापदं एवढी पाठ करा:

आ-'वे-रे (असणे, जवळ असणे), वे-'दे-रे (पाहणे), सा-'पे-रे (माहीत असणे), पो-'ते-रे (शकणे), दो-'वे-रे (लागणे, भाग असणे), वो-'ले-रे (हवं असणे), ते-'ने-रे (धरणे), प्या-'चे-रे (आवडणे), का-'दे-रे (पडणे), ते-'मे-रे (भिणे), रि-मा-'ने-रे (उरणे), से-'दे-रे (बसणे), ता-'चे-रे (गप्प राहणे), वा-'ले-रे (किंमत असणे), गो-'दे-रे (उपभोगणे).

यांच्यापासून उपसर्ग लावून झालेली क्रियापदंही याच जातीची. बाकी जवळपास सगळी धातूवर जोर घेणारी: 'प्रेन्-दे-रे (घेणे), 'स्क्री-वे-रे (लिहिणे), 'क्ये-दे-रे (मागणे, विचारणे), 'कोर्-रे-रे (धावणे), को-'नो-शे-रे (ओळखणे). इटलीतल्या दारांवर ‘तिरारे’ (ओढा) आणि ‘स्पिंजेरे’ (ढकला) लिहिलेलं असतं. पहिलं ति-'रा-रे, दुसरं 'स्पिन्-जे-रे. दोन जाती लक्षात ठेवायला दोन दारं पुरेत.

या दोन जातींचा तिसऱ्या रकान्याशी संबंध आहे. प्रत्ययावर जोर घेणाऱ्यांचं धातुसाधित बहुधा साधं, ‘ऊतो’वालं असतं: आ-'वू-तो, सा-'पू-तो, का-'दू-तो. (‘वेदेरे’चं 'वि-स्तो आणि ‘रिमानेरे’चं रि-'मा-स्तो सोडून द्या.) धातूवर जोर घेणाऱ्यांचं मात्र बहुतेक वेळा वाकडं असतं: 'स्क्रित्-तो, 'लेत्-तो, 'प्रे-सो, 'मेस्-सो. म्हणून दुसऱ्या जातीचं क्रियापद वहीत लिहिताना तिसरा रकाना रिकामा सोडू नका.

पायरी ४. वर्तमानकाळ: इथेच सगळे घसरतात

नियम एका वाक्यात: मी, तू, तो/ती आणि ते या चार रूपांत जोर धातूवर, त्याच जागी. आम्ही आणि तुम्ही या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकतो.

‘पार्लारे’ चालवून बघा: 'पार्-लो, 'पार्-ली, 'पार्-ला, पार्-'ल्या-मो, पार्-'ला-ते, 'पार्-ला-नो.

शेवटच्या रूपावर बोट ठेवा. ‘ते बोलतात’ 'पार्-ला-नो आहे, पार्-'ला-नो नाही. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ म्हणून झाल्यावर जीभ त्याच लयीत ‘ते’चं रूपही शेवटून दुसऱ्यावर आपटते. तक्ता वरून खाली घोकणाऱ्याची ही चूक ठरलेली. उपाय म्हणून तक्ता वेगळ्या क्रमाने म्हणा: मी, तू, तो, ते आणि मग आम्ही, तुम्ही. चूक झाली तर अर्थ कुठे जाऊ शकतो बघा: 'पेर्-दो-नो म्हणजे ‘ते हरवतात’, पेर्-'दो-नो म्हणजे ‘क्षमा’.

धातू लांब असेल तर हे आणखी टोचतं. ‘आबितारे’चं 'आ-बि-तो (मी राहतो), आ-बि-'त्या-मो (आम्ही राहतो), पण 'आ-बि-ता-नो (ते राहतात). जोर शेवटून चौथ्यावर. तसंच ते-'ले-फो-नो (मी फोन करतो) आणि ते-'ले-फो-ना-नो. तिकीट पंच करण्याच्या यंत्रापाशी भेटणाऱ्या ‘कोन्वालिदारे’चं कोन्-'वा-लि-दो, कोन्-'वा-लि-दा-नो. ‘मी’चं रूप नीट माहीत असेल तर ‘ते’चं आपोआप येतं. त्यातला जोर जागचा हलत नाही, मागे एक अवयव वाढतो इतकंच.

मग ‘मी’च्या रूपात जोर धातूच्या कुठल्या अवयवावर? मूळ रूपावरून हे दिसत नाही. ‘एवितारे’ (टाळणे) आणि ‘इन्वितारे’ (आमंत्रण देणे) सारखेच दिसतात, पण 'ए-वि-तो आणि इन्-'वी-तो. अंदाजाचे चार आधार आहेत:

*बंद अवयव.* ‘मी’च्या रूपात शेवटून दुसरा अवयव व्यंजनाने बंद होत असेल तर जोर तिथेच: आ-'स्पेत्-तो, राक्-'कोन्-तो (सांगतो), रि-'कोर्-दो (आठवतो). संशय उरतो तो फक्त मोकळ्या अवयवांपुरता.

*नाम.* क्रियापद नामावरून घडलं असेल तर नामाचा जोर तसाच उतरतो. 'नू-मे-रो (आकडा) वरून 'नू-मे-रो (क्रमांक घालतो), 'मा-स्के-रा (मुखवटा) वरून 'मा-स्के-रो, 'तेर्-मि-ने (शेवट) वरून 'तेर्-मि-नो. पायरी ७ इथे कामाला येते.

*प्रत्यय.* ‘इद्झारे’ने संपणाऱ्या क्रियापदांत जोर त्या इ-वर: ओर्-गा-'निद्-झो. ‘एज्जारे’त ए-वर: फे-'स्तेज्-जो (साजरा करतो). ‘इफिकारे’त फ-च्या आधीच्या इ-वर: वे-'री-फि-को, सेम्-'प्ली-फि-को, मो-'दी-फि-को.

*यांपैकी काहीच लागू नसेल तर कोश.* लाज वाटायचं कारण नाही, इटालियनही उघडतात.

‘इरे’ गटात एक निराळी सोय आहे. अनेक क्रियापदं चारही धातू-जोराच्या रूपांत मध्ये ‘इस्क’ घुसवतात आणि जोर त्यावर जातो: का-'पि-स्को, का-'पि-शी, का-'पि-शे, का-'प्या-मो, का-'पी-ते, का-'पि-स्को-नो. ‘आम्ही-तुम्ही’त ‘इस्क’ नाही. ‘कापिस्क्यामो’ असं रूप अस्तित्वातच नाही. दोर्मिरे, पार्तिरे (निघणे), सेन्तिरे (ऐकणे, जाणवणे), आप्रिरे, कोप्रिरे, ओफ्फ्रिरे (देऊ करणे), सोफ्फ्रिरे (सोसणे), सेर्विरे, सेग्विरे (मागे जाणे), वेस्तिरे, फुज्जिरे (पळणे), बोल्लिरे (उकळणे) ही ‘इस्क’ न घेणारी. नवं ‘इरे’ क्रियापद भेटलं आणि ते या यादीतलं किंवा त्यावरून बनलेलं नसेल, तर ‘इस्क’ लावून बघणं जास्त सुरक्षित.

आता ‘इ’चा हिसका. स्तु-'द्या-रे (शिकणे) चं 'स्तू-द्यो, पण इन्-वि-'आ-रे (पाठवणे) चं इन्-'वी-ओ. पहिल्यात इ बिनजोराचा म्हणून मिसळला, दुसऱ्यात जोर इ-वर म्हणून स्वर वेगळे राहिले. याचा परिणाम थेट लेखनावर होतो. ‘तू’च्या रूपात पहिल्याला शेवटी एकच ‘आय’ लिहायचा, दुसऱ्याला दोन. ‘तू पाठवतोस’ला एकच ‘आय’ लिहिणं ही लेखी परीक्षेतली ठरलेली चूक आहे. दे-'वी-ओ (वळवतो), आव्-'वी-ओ (सुरू करतो), 'शी-ओ (बर्फावर घसरतो) ही सगळी दुसऱ्या जातीची.

लेखनाचंच आणखी एक. ‘चेर्कारे’ (शोधणे) आणि ‘पागारे’ (पैसे देणे) यांत क आणि ग चा आवाज टिकवायला इ-ए समोर ‘एच’ घालावा लागतो: 'चेर्-की, 'पा-गी, भविष्यकाळात चेर्-के-'रो. उलट ‘मांजारे’ (खाणे) आणि ‘लाशारे’ यांचा जास्तीचा ‘आय’ भविष्यकाळात गळतो. ‘एरे’वाले मात्र आवाज टिकवायची तसदी घेत नाहीत, खुशाल बदलतात: 'लेग्-गो (मी वाचतो), 'लेज्-जी (तू वाचतोस). ‘लेज्जो’ म्हणू नका.

पायरी ५. बाकीचे काळ

वर्तमानकाळ हाताशी आला की हे भराभर होतं, कारण जोर बहुतेक प्रत्ययावरच असतो.

- अपूर्ण भूतकाळ: पार्-'ला-वो, पार्-'ला-वी, पार्-'ला-वा, पार्-ला-'वा-मो, पार्-ला-'वा-ते, पार्-'ला-वा-नो. ‘ते’चा सापळा इथेही आहे.
- भविष्यकाळ: पार्-ले-'रो, पार्-ले-'राय, पार्-ले-'रा, पार्-ले-'रे-मो, पार्-ले-'रे-ते, पार्-ले-'रान्-नो. जोर ‘र’च्या पुढे जातो, कारण हा काळ मुळात मूळ रूप आणि ‘असणे’ हे क्रियापद जोडून लॅटिनमधून घडला. प्रत्यय म्हणजे त्या दुसऱ्या क्रियापदाचे अवशेष. ‘आरे’चा आ इथे ए होतो हे विसरू नका, ‘पार्लारो’ चुकीचं.
- संकेतार्थ: पार्-ले-'रेय, पार्-ले-'रे-स्ती, पार्-ले-'रेब्-बे, पार्-ले-'रेम्-मो, पार्-ले-'रे-स्ते, पार्-ले-'रेब्-बे-रो.
- साधा भूतकाळ: नियमित क्रियापदांत पार्-'लाय, पार्-'ला-स्ती, पार्-'लो, पार्-'लाम्-मो, पार्-'ला-स्ते, पार्-'ला-रो-नो. अनियमितांत जोर उड्या मारतो: मी, तो आणि ते यांत धातूवर, बाकी प्रत्ययावर. 'स्क्रिस्-सी, स्क्रि-'वे-स्ती, 'स्क्रिस्-से, स्क्रि-'वेम्-मो, स्क्रि-'वे-स्ते, 'स्क्रिस्-से-रो. उत्तर इटलीत बोलताना हा काळ फारसा ऐकू येत नाही, पण पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर हाच.

पायरी ६. आघातचिन्ह कुठे लिहायचं

शब्दाच्या पोटातल्या जोरावर इटालियन चिन्ह लिहीत नाहीत, तुम्हीही लिहू नका. एकाहून अधिक अवयवांच्या शब्दात जोर शेवटच्या स्वरावर असेल तिथे ते सक्तीचं: पार्लो (बोलला), पार्लेरा (बोलेल).

एकावयवी शब्दांत मात्र ठरावीक ठिकाणीच. ‘दा’ (देतो) वर चिन्ह हवं, कारण चिन्हाविना ‘दा’ म्हणजे ‘पासून’. ‘ए’ (आहे) वर हवं, नाहीतर ‘आणि’ होतो. ‘फा’ (करतो), ‘वा’ (जातो), ‘स्ता’ (असतो) यांवर नको. पण उपसर्ग लागून शब्द एकाहून अधिक अवयवांचा झाला की चिन्ह परत आलं: ‘रिफा’ (पुन्हा करतो), ‘रिदा’ (परत देतो), ‘सोत्तोस्ता’ (अधीन असतो) यांच्या शेवटच्या आ-वर ते लागतं. सवयीने ‘फा’सारखं कोरं सोडणारे इटालियनही बरेच दिसतात.

आज्ञार्थातली ‘फा’, ‘वा’, ‘दा’, ‘स्ता’, ‘दी’ (कर, जा, दे, थांब, सांग) यांच्यापुढे लोपचिन्ह लावण्याची पद्धत आहे. ते आघातचिन्ह नव्हे.

पायरी ७. घडण ओळखा

मराठीत हातावरून हाताळणं, लाथेवरून लाथाडणं, पाण्यावरून पाणावणं होतं. इटालियनचा सगळा कारखाना याच धर्तीवर चालतो, फक्त तिथे उपसर्ग जास्त कामाला लावतात.

*तयार क्रियापदाला उपसर्ग.* ‘रि’ म्हणजे पुन्हा: रिलेज्जेरे, रिफारे. ‘स’ बहुधा उलटं करतो: कोप्रिरे झाकणे, स्कोप्रिरे उघडं करणे, शोध लावणे, मोन्तारे जोडणे, स्मोन्तारे सुटं करणे. ‘दिस’ही तसाच: दिस्फारे, दिस्दिरे (रद्द करणे). ‘प्रेन्देरे’ या एका क्रियापदावर कोम्प्रेन्देरे (समजणे), आप्प्रेन्देरे (शिकणे), सोर्प्रेन्देरे (चकित करणे), रिप्रेन्देरे (पुन्हा घेणे) उभी आहेत. तक्ता एकदाच शिका: मूळ क्रियापद जसं चालतं तशीच त्याची पिलावळ चालते. ‘प्रेन्देरे’चं 'प्रे-सो, म्हणून कोम्-'प्रे-सो, सोर्-'प्रे-सो.

जोर उपसर्गावर जात नाही, धातूवरच राहतो. ‘दिरे’ (सांगणे) चं 'दी-को, म्हणून ‘प्रेदिरे’ (भाकीत करणे) चं प्रे-'दी-को. याला 'प्रे-दि-को म्हटलंत तर ते वेगळ्याच क्रियापदाचं, ‘प्रेदिकारे’चं रूप होतं आणि अर्थ ‘मी प्रवचन देतो’.

अवयव पाडताना मात्र उपसर्गाचा मान राखायचा नाही. शाळेतला नियम आवाजाचा आहे: दि-'स्फा-रे, त्रा-स्पोर्-'ता-रे (वाहून नेणे). ‘दिस-’, ‘त्रास-’ असं उपसर्गापाशी तोडलेलंही छापलेलं दिसेल, पण परीक्षेत वरचंच लिहा.

*विशेषण किंवा नामाला उपसर्ग आणि प्रत्यय एकदम.* इटालियन क्रियापदांचा हा सगळ्यात सुपीक मळा. रोस्सो (लाल) वरून आर्रोस्सिरे (लाजून लाल होणे), लुंगो (लांब) वरून आल्लुंगारे (लांबवणे), विचीनो (जवळ) वरून आव्विचिनारे (जवळ आणणे), वेक्क्यो (म्हातारा) वरून इन्वेक्क्यारे, पात्सो (वेडा) वरून इम्पात्सिरे, बुर्रो (लोणी) वरून इम्बुर्रारे (लोणी लावणे). मधली पायरी नसते. नुसतं ‘रोस्सिरे’ किंवा ‘बुर्रारे’ शोधत बसू नका, सापडणार नाही.

इथली तीन पथ्यं. ‘आ’ उपसर्ग पुढचं व्यंजन दुप्पट करतो: आर्-रोस्-'सी-रे, आव्-वि-चि-'ना-रे. ‘कोन्त्रा’ही करतो: कोन्-त्राद्-'दी-रे (विरोधात बोलणे). ‘इन’ स्वतः दुप्पट करत नाही, प-ब समोर ‘इम’ होतो आणि ल-र-म समोर त्याचा न त्याच व्यंजनात बदलतो. ‘इन्नामोरारे’ (प्रेमात पडायला लावणे) मधले दोन न हा अपवाद. तिसरं, या पद्धतीने बनलेली ‘इरे’ क्रियापदं जवळजवळ सगळी ‘इस्क’ घेतात: आर्-रोस्-'सि-स्को, इम्-पात्-'त्सि-स्को.

*अर्थ हलका करणारे प्रत्यय.* कान्तारे गाणे, कान्तिक्क्यारे गुणगुणणे. दोर्मिरे झोपणे, दोर्मिक्क्यारे डुलक्या काढणे. साल्तारे उडी मारणे, साल्तेल्लारे टुणटुण उड्या मारणे. मूळ क्रियापद कुठल्याही गटातलं असो, हे ‘आरे’ गटात जातं.

नवा शब्दही तिकडेच जातो. क्लिक्कारे, चात्तारे, ताग्गारे सगळी ‘आरे’वाली आणि बिनतक्रार नियमित. परक्या शब्दाला इटालियन करताना व्यंजन दुप्पट केलेलं बघा. त्यामुळे अवयव बंद होतो आणि जोर कुठे हा प्रश्नच मिटतो: 'क्लिक्-को.

*क्रियापद अधिक नाम.* घरातल्या निम्म्या वस्तूंची नावं अशी: आप्रिबोत्तील्ये (बाटली उघडणारं), लावास्तोवील्ये (भांडी धुणारं यंत्र), आशुगामानो (हात पुसणारा, म्हणजे टॉवेल). मुख्य जोर दुसऱ्या शब्दावर पडतो: आ-शु-गा-'मा-नो.

पायरी ८. मागे चिकटणारी सर्वनामं

मूळ रूप, आज्ञार्थ आणि ‘-आन्दो/-एन्दो’ रूपाच्या मागे ‘मला’, ‘ते’, ‘त्याचं’ अशी सर्वनामं थेट चिकटतात. जोर तसूभरही हलत नाही, शब्द फक्त मागे लांबत जातो. 'पोर्-ता (आण), 'पोर्-ता-मी (मला आण), 'पोर्-ता-मे-लो (मला ते आण). ते-'ले-फो-ना (फोन कर), ते-'ले-फो-ना-मी (मला फोन कर). नवशिक्याला लांब शब्दात जोर पुढे ढकलायचा मोह होतो आणि ‘तेलेफोनामी’चा ‘ना’ दणकवला जातो.

मूळ रूपाचा शेवटचा ए आधी गळतो: 'प्रेन्-दे-रे आणि ‘लो’ मिळून 'प्रेन्-देर्-लो. एकावयवी आज्ञार्थापुढे सर्वनामाचं व्यंजन दुप्पट होतं: ‘दा’ आणि ‘मी’ मिळून 'दाम्-मी, ‘दी’ आणि ‘मी’ मिळून 'दिम्-मी. फक्त ‘ल्यी’ (त्याला) दुप्पट होत नाही.

पायरी ९. जिथे इटालियनांचंच एकमत नाही

‘वालुतारे’ (मूल्यमापन करणे) चं कोशातलं रूप वा-'लू-तो, पण 'वा-लु-तो म्हणणारे भरपूर. ‘आदुलारे’ (खुशामत करणे) चं लॅटिनला धरून आ-'दू-लो, बोलताना सर्रास 'आ-दु-लो. ‘एवापोरारे’ (वाफ होणे) ची ए-'वा-पो-रा आणि ए-वा-'पो-रा ही दोन्ही रूपं ऐकू येतात आणि कोशही दोन्ही नोंदवतात. अशा ठिकाणी कोश आधी जे रूप देतो ते वहीत लिहा, दुसरं कंसात. तोंडी परीक्षेत पहिलं वापरा आणि समोरच्याने दुसरं म्हटलं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.